आई, इकडे बघ!

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आईच्या डोळ्यांचं काही खरं नाही, जे दाखवायचं ते याच वर्षी दाखवा. तिने एकच मागितलं: घाटातली ती दरी. नवी नवरी असताना बाबांच्या शेजारी बसून बसच्या खिडकीतून पाहिलेली, तेवढी पुन्हा बघायची. म्हणून निघालो, आणि गाडी चालवायला माझा मोठा भाऊ. तिथेच माती खाल्ली.

सकाळपासून प्रत्येक वळणावर याचं एकच. आईला कठड्याला टेकवून उभी करायची आणि, "आई, इकडे बघ! हस की जरा!" अहो, तिची पाठ डोंगराकडे आणि तोंड याच्या फोनकडे! मी बोलले तर म्हणे, "गप्प बस गं, आठवण राहते."

खरी दरी पुढच्या छोट्या गावानंतर लागणार होती. आणि ऐन त्या गावात फोनने मान टाकली.

"टाक तो मेला फोन डिकीत," मी म्हटलं. पण हा शिरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. टीचभर जागा, काउंटरवर पोट फाडलेले फोन, वायरींचा गुंता, एकच स्टूल. त्यावर आईला बसवलं.

दुकानदार म्हणाला, "दरी बघायचीय ना? मग आधी जाऊन या. दुपार कलली की धुकं चढतं."

"पाचच मिनिटं," दादा म्हणाला.

"चावी दे, मी नेते तिला."

"घाटात तू चालवणार? काहीतरीच!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परक्यासमोर तमाशा नको म्हणून आईने माझा हात दाबला. फोन दुरुस्त होईपर्यंत दात-ओठ खात उभी राहिले.

पोहोचलो तर कठड्यापलीकडे सगळं पांढरंफटक. आई तरी बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

"आज गावात राहू, सकाळी येऊ," मी म्हटलं.

"सकाळी मला ऑफिस आहे. आणि फोटो आहेत ना!" दादाने फोन आईच्या हातात दिला. "बघ, काय झकास आलेत."

आईने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"यात मीच आहे रे. मागचे डोंगर कुठायत?"

"ते मुद्दाम पुसट केलेत, तू उठून दिसावीस म्हणून."

आईने फोन परत दिला.

"पुसटच बघायचं होतं तर घरीच बसले असते, बाळा. पुढे जन्मभर तेच बघायचंय."