रुसायला जागा

कोलशेतच्या तऱ्यांच्या घरात आजवर जेवढी लग्नं झाली, त्यांतलं एकही गोदाआत्या रुसल्याशिवाय पार पडलेलं नव्हतं. त्यामुळे कोणीही रुसणार नाही असं लग्न मी अ‍ॅपवर लावून दाखवते, असं निशिगंधाने घरात जाहीर केलं, तेव्हा तिच्या आईने आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

ताप नव्हता. झोप नव्हती, एवढंच. दिवसा निशिगंधा वर्तकनगरच्या पुढे एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर बसायची आणि दूरदूरच्या लोकांना कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करायला सांगायची. हे वाक्य ती इतक्या मायेने म्हणायची की काही लोक कॉम्प्युटर ठीक असतानाही फोन करत. संध्याकाळी कल्याणला एमसीएचं कॉलेज. या दोन्हींच्या मधला वेळ रिकामा असतो असा तिच्या वडिलांचा समज होता. त्या वेळात ती बसमध्ये, कॅन्टीनमध्ये आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवी पडून अ‍ॅप बांधत होती.

अ‍ॅपचं नाव 'मानपान'. लग्नात कोणाला दारात जाऊन आमंत्रण द्यायचं, कोणाला फोन चालतो, फेटा आधी कोणाला, नारळ कोणाच्या हातात, पहिल्या पंगतीला कोण आणि त्याच्या शेजारी कोण चुकूनही नको, हे सगळं त्यात होतं. एकदा नातेवाईक भरले की घरच्या यजमानाचा फोन योग्य वेळी थरथरायचा आणि पडद्यावर यायचं, 'डावीकडे मामा उभे आहेत. त्यांना अजून चहा विचारलेला नाही.'

तिचा जोडीदार मयूर, वर्गातलाच, डोंबिवलीचा. तो अ‍ॅपचे पडदे रंगवायचा. बोलायचा कमी, आणि बोलला तरी एकच प्रश्न विचारायचा, बटण कुठे ठेवायचं. कॉलेजातल्या सरांनी प्रोजेक्टचा कागद हातात घेऊन 'रुसवा हा काय प्रॉब्लेम आहे का?' असं हसत विचारलं होतं. मग ते थोडं थांबले. स्वतःच्या लग्नात साडूला फेटा उशिरा बांधल्यापासून तो साडू त्यांच्याशी बोलत नव्हता. त्यांनी पुढचं न वाचता सही केली.

आता हवं होतं एक खरं लग्न, आणि ते घरातच उभं राहिलं. काळुरामकाकांच्या सोनलचं.

काळुरामकाका म्हणजे निशिगंधाच्या वडिलांचे मोठे भाऊ. आजोबा मिठागरात राबले. त्याच जमिनीच्या कडेला आज उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्या एकीच्या तळाला काकांचा एक गाळा रिकामा पडून आहे. निशिगंधाचा त्या गाळ्यावर बरेच दिवस डोळा होता. काकांनी सौदा मांडला. सोनलच्या लग्नात कोणी रुसलं नाही, तर गाळा तुझा, ऑफिस टाक, नोकरी सोड, तुझ्या बापाला मी समजावतो. पण एकजण जरी रुसला, तरी हा खेळ बंद करायचा आणि सुदेशच्या प्रॉपर्टीच्या ऑफिसात फोन घ्यायला बसायचं. सुदेश हा काकांचा थोरला. त्याच्या ऑफिसात फोन घेणं म्हणजे दिवसभर 'साहेब साइटवर गेलेत' हे सांगणं, आणि साहेब आतल्या खोलीत झोपलेले.

काकांचंही दुखणं खरं होतं. सुदेशच्या लग्नात नारळाला शेंडी नाही म्हणून गोदाआत्या अशी रुसली की वरात दारात उभी राहून राहून बॅन्जोवाल्यांना सगळी गाणी दुसऱ्यांदा वाजवावी लागली होती. गोदाआत्या ही काकांची मोठी बहीण, आंबिवलीला दिलेली. रुसली की ती ठरलेल्या जागी जायची. मांडवामागे पाण्याच्या टाकीचा कट्टा होता, तिथे भिंतीकडे तोंड करून बसायची. मग भावांनी यायचं, हात धरायचा, थोरल्या बहिणीला म्हणायचं तसं 'बाय, बाय' म्हणत विनवायचं, साडी पायावर ठेवायची, मग आत्याने रडायचं, वडिलांची आठवण काढायची आणि उठून सगळ्यांच्या आधी नाचायला उभं राहायचं. नाचात तिचा हात धरणारा अजून जन्माला यायचा होता.

निशिगंधाने कामाला हात घातला तो पत्रिकेपासून. पत्रिकेत कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, यावरून आजवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरून बसली आहेत. तिने साधी युक्ती केली. प्रत्येक घरासाठी वेगळी पत्रिका छापली. ज्या घरी जायची, त्या घराचं नाव सगळ्यात वर. आंबिवलीच्या पत्रिकेत गोदाआत्या गणपतीच्या खालोखाल होती. सोनलच्या मामाच्या पत्रिकेत मामा वर आणि आत्या पार तळाला, हॉलच्या पत्त्याला टेकलेली. दोन पत्रिका एका ठिकाणी येऊ नयेत एवढीच काळजी घ्यायची होती, आणि आजकाल कोण कोणाच्या घरी पत्रिका बघायला जातो.

मांडवाचा नकाशाही अ‍ॅपनेच काढला. वाया जाणारी जागा दाखव म्हटल्यावर त्याने टाकीचा कट्टा दाखवला. तिथे केटररचे हंडे मांडले.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी सगळं असं बिनबोभाट चाललं होतं की लोक आपापसात हळू आवाजात बोलू लागले. आत्याला आणायला सकाळीच आंबिवलीला गाडी गेली होती, आणि गाडीत सुदेश स्वतः. दारात पायावर पाणी. साडी तिच्या आवडीच्या अंजिरी रंगाची. पहिल्या रांगेत सोफा, सोफ्यावर उशी, उशीच्या बाजूला पंखा. पंखा तोंडावर नको, बाजूने हवा, हेही अ‍ॅपला ठाऊक होतं. चहा बिनसाखरेचा. काकांचा फोन थरथरत होता, काका धावत होते, पाहुणे अवाक होत होते. मामासुद्धा खूश होता, आणि हे कोणीच यापूर्वी पाहिलेलं नव्हतं. निशिगंधा मांडवाच्या खांबाला टेकून गाळ्यात टेबल कुठे लावायचं याचा विचार करू लागली.

तऱ्यांकडे पहिली हळद आत्याच्या हाताची. बॅन्जोवाले तयार झाले, सोनल पाटावर बसली, हळदीची वाटी आत्यापुढे धरली. आत्याने वाटीकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की दुसऱ्या कोणीपण लावा, मना आता आंबिवलीला जाव दे.

काका पुढे आले. काय चुकलं, त्यांनी विचारलं. काही नाही. जेवणात काही? जेवण छान. साडी? साडी सुरेख. कोणी काही बोललं? सगळे चांगलं बोलले. आत्या हसत होती. रुसलेल्या माणसाला मनवता येतं. हसणाऱ्याचं काय करायचं? त्यांनी फोन काढला. 'गोदाआत्या,' अ‍ॅप म्हणालं, 'सर्व मान पूर्ण.' शेजारी हिरवी खूण.

काकांनी फोन निशिगंधापुढे धरला. एकदा बंद करून चालू कर, ती सवयीने म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली.

ती आत्याजवळ जाऊन बसली. सोफा इतका मऊ होता की आत्या त्यात अर्धी बुडाली होती. आत्या, खरं काय ते सांग, तिने विचारलं. आत्याने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"सगला झाला. सगला चांगला झाला," ती म्हणाली. "पन मना रुसायला जागाच ठेवली नाय तुमी."

मग तिने हिशेब मांडावा तशी एकेक आठवण काढली. काळूचे लग्नान उशी नव्हती म्हणून रुसले. तुझे बापाचे लग्नान भटजीने माझं नाव चुकवलं म्हणून रुसले. सुदेशचा नारळ तर सगळ्या गावाला माहीत.

"नारलाला शेंडी नाय तं काय मी मरनार व्हते?" आत्या म्हणाली. "बारा महिने काळूचा फोन बिजी. रुसले म्हंजे येतो. बाजूला बसतो, हात धरतो, बाय बोलतो. आज सकालपासून माजे पुढं दहा वेला आला, पन डोला त्याचा फोनमदी. आनि माजे कट्ट्यावर तुमी भाताचे हंडे ठेवले."

निशिगंधा उठली नाही. तिच्या पर्समध्ये मामाच्या पत्रिकेची जास्तीची प्रत होती. ती बाहेर काढली तर काय होईल हे तिला अ‍ॅपपेक्षा नीट माहीत होतं. गाळा गेला. नोकरी गेली तरी दुसरी नोकरी तयार होती, साहेब साइटवर गेलेत. ती गप्प बसली, तर आत्या हसत हसत रिक्षाने जाईल, कोणी रुसलं नाही असंच म्हणावं लागेल, आणि गाळा तिचा. सौद्याच्या शब्दाला कुठेही धक्का लागणार नव्हता.

पाटावर सोनल हळदीविना बसून डोळे पुसत होती. आत्या सोफ्यातून बाहेर यायला हाताने आधार शोधत होती.

निशिगंधाने आधी केटररला जाऊन हंडे हलवायला सांगितलं. का, म्हणून त्याने विचारलं, तर पाहुणे येताहेत म्हणाली. मग परत येऊन तिने पत्रिका आत्याच्या मांडीवर ठेवली आणि आत्या, तू ही पाहिलीस का, असं निरागसपणे विचारलं.

आत्याने चष्मा लावला. वरून खाली वाचत गेली. मामाचं नाव आलं, मामीचं आलं, मामाच्या बिझनेस पार्टनरचंही आलं. आत्याचं बोट खाली खाली सरकत हॉलच्या पत्त्यापर्यंत पोचलं आणि थांबलं. तिने पुन्हा एकदा वरून वाचलं, खात्री करावी म्हणून. तिच्या गालांवर सकाळपासून नसलेला रंग चढला. पाठ ताठ झाली. सोफ्यातून ती कोणाच्याही आधाराशिवाय उठली.

"काळू," ती म्हणाली, आणि बॅन्जोवाल्यांतल्या ढोलवाल्याच्या हातातली काठी खाली पडली. "पार्टनरचे खाली मी? बापाची थोरली मी, आनि पार्टनरचे खाली?"

पदर खोचून ती ताडताड मांडवामागे गेली आणि कट्ट्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. कट्टा हंड्यांनी अजून गरम होता. तिने पिशवी अंगाखाली घेतली, पण जागा सोडली नाही.

मग मांडवात जीव आला. बायका कुजबुजू लागल्या, कोणी पाणी आणायला धावलं, कोणी साडी शोधायला, म्हातारे म्हणाले बघा, मी म्हटलंच होतं. मामाने आंबिवलीच्या पाहुण्यांकडून आत्याच्या घरची पत्रिका मागून घेतली, आपलं नाव खाली वाचलं, आणि तोही फेटा काढून पार्किंगमध्ये जाऊन बसला. आता ते लग्नासारखं दिसू लागलं. काकांनी निशिगंधाकडे एकदाच पाहिलं. या पत्रिका कोणी केल्या असं त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी फोन तिच्याच हातात कोंबला, नवा कुडता सावरला आणि ते मागे गेले.

पुढचं निशिगंधाने कनातीच्या फटीतून पाहिलं. काका उभ्याने काहीतरी बोलले. आत्याने मान हलवली नाही. मग ते कट्ट्यावर बसले, चटका बसल्यावर उठले, पुन्हा बसले. त्यांनी आत्याचा हात धरला. बराच वेळ ते दोघं काय बोलत होते ते ऐकू आलं नाही. मिठाच्या गोणीचं काहीतरी होतं, बापाच्या पाठीचं काहीतरी होतं. शेवटी काका म्हणाले, "बाय, उठ. तुजे हातची हलद लागल्याशिवाय माजी पोरगी उठनार नाय." आणि आत्या तोंडाला पदर लावून अशी मोकळी रडली की तिची समजूत काढायला आलेल्या बायकाही तिथेच बसून रडू लागल्या.

हळद लागली. आत्या नाचली. काकांना तिने ओढून नाचवलं, आणि त्यांचा फोन निशिगंधाच्या हातात थरथरत राहिला, 'डावीकडे आत्या. मान पूर्ण.'

दुसऱ्या दिवशी हॉलवर लग्न लागलं. पंगती उठल्या. काकांनी निशिगंधाला बाजूला घेतलं आणि सौदा तो सौदा, असं शांतपणे सांगितलं. रुसवा झाला. एक नाही, दोन झाले, मामा धरून. सुदेशचं ऑफिस उघडायची वेळही सांगितली. निशिगंधाने ती वेळ लिहून घेतली. वाद घालायला तिच्याकडे मुद्दा नव्हता. रुसवा तिने स्वतः पर्समधून काढला होता. शेजारी उभ्या मयूरने फक्त मान खाली घातली.

पाठवणीची गाडी फुलांनी सजून उभी होती. सोनल सगळ्यांच्या गळ्यात पडून आत्याकडे वळली, तर आत्या जागेवर नव्हती. ती हॉलच्या पायरीवर, गाडीच्या अगदी पुढे, भिंतीकडे तोंड करून पाठमोरी बसली होती. गाळ्याच्या सौद्याचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं.

काका धावले. बाय, आता काय, त्यांनी विचारलं.

"पोरीला गाला दे," आत्या भिंतीला म्हणाली.

काकांनी समजावलं की हा व्यवहार वेगळा आहे, याचा लग्नाशी काही संबंध नाही, आणि रुसायचे दिवस काल संपले.

"लग्न कुटं संपलंय? सोनी अजून गाडीन बसली नाय," आत्या म्हणाली. "आनि मी उठल्याशिवाय गाडी हलनार नाय."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. नवरदेवाकडची मंडळी घड्याळं पाहू लागली. नवरदेवाचा बाप आपल्या बायकोला विचारू लागला की आपल्याकडून कोणी काही बोललं का. काकांनी आकाशाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, निशिगंधाकडे पाहिलं. मग ते पायरीवर बहिणीशेजारी बसले, तिचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला.

गाळ्यात पहिलं टेबल लागलं तेव्हा मयूरने लॅपटॉप उघडला. मानपानमध्ये आता नवी सोय येणार होती. यजमानाने एक माणूस निवडायचा, त्याचा एक मान मुद्दाम चुकवायचा, आणि बाकीच्यांनी सगळं सोडून त्याला मनवायला जायचं. मनवणाऱ्याने फोन बाहेर ठेवूनच जायचं, ही अट निशिगंधाने स्वतः घातली होती.

मयूरने मांडवाचा नकाशा पडद्यावर घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे बटण कुठे ठेवायचं?"

"मागे," निशिगंधा म्हणाली. "टाकीच्या कट्ट्यावर. आणि तिथे हंडे ठेवायचे नाहीत."