फुंकरबाबाचं पाणी

सभागृहातली म्हाताऱ्यांची रांग जिना उतरून रस्त्यावर गेली होती. फुंकरबाबा एकेकाच्या छातीला कान लावी, डोळे मिटी आणि म्हणे, "आत भाडेकरू घुसलाय, मागच्या जन्मीचा. जागा बळकावत चाललाय." मग छातीवर एक फुंकर आणि हातात मंतरलेल्या पाण्याची बाटली.

लोकांना गुण यायचा. मला भीती वाटायची ती त्या गुणाचीच.

माझा थोरला भाऊ घड्याळजी. चार पायऱ्या चढला की त्याला धाप लागे, आडवा झाला की जीव घुसमटे, सुजलेले पाय चपलेत मावत नसत. मी विज्ञानाचा मास्तर, म्हटलं, "दादा, डॉक्टरकडे चल."

"भाऊजी, बाबाच्या पाण्यानं सूज उतरली त्यांची," वहिनी म्हणाली. "डोळ्यांनी बघताय ना?"

उतरली होती खरी. दादा सारखा लघवीला मात्र पळायचा. "भाडेकरू निघतोय," बाबानं सांगितलं होतं. मी दादाची नाडी धरली. दोन ठोके घाईत पडत, मग एक गायब. त्यानं हसून हात सोडवून घेतला.

त्याच आठवड्यात दुकानात बसल्याजागी त्याच्या हातातला चिमटा गळून पडला. उचलायला गेला, तर बोटं मिटेनात. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. "हा हृदयाचा वरचा डावा कप्पा. केवढा फुगलाय बघा. उतारवयात रक्तदाब किंवा गळकी झडप दुर्लक्षित राहिली की असं होतं. मग ठोके बिघडतात, रक्त आत रेंगाळतं, गाठ धरतं. तीच मेंदूत गेली."

"पण सूज?" वहिनी पुटपुटली.

तिनं पिशवीतून बाबाची बाटली काढून दिली. बाईंनी ती तपासायला पाठवली. नळाच्या पाण्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची पूड निघाली.

"अंगात साठलेलं पाणी गेलं म्हणून सूज गेली, धापही कमी झाली," बाई म्हणाल्या. "कप्पा मात्र तसाच राहिला. सूज दिसत होती तोवर निदान तुम्ही घाबरत तरी होता."

वहिनी सरळ सभागृहात गेली आणि रांगेसमोर हे सगळं बोलली. बाबा शांतपणे म्हणाला, "श्रद्धा पातळ झाली की असंच होतं."

"पाणी तुमचं होतं," वहिनी म्हणाली. "श्रद्धा माझी होती, आणि हात त्यांचा गेला."

अर्धी रांग पांगली. उरलेली पुढे सरकली.

दादा आता थोडं बोलतो. दुकान बंद आहे. तुमच्या घरात कुणा वडीलधाऱ्याला धाप लागत असेल, नाडी अडखळत असेल, तर त्यांचं हृदय तपासून घ्या. आणि कुणाच्या पाण्यानं गुण आला, तर त्या पाण्यात काय आहे ते विचारा.