मोटारीचा नंबर

"बाई, मोटार पिच्चर पाहत न्हाई. तिला नेट कशाला पायजे?" ग्यानबाने तिसऱ्यांदा विचारलं.

"सर, आता प्रत्येक पॅकमध्ये रोजचा दोन जीबी डेटा येतोच," कंपनीची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "आपण व्हिडिओ पाहू शकता, गेम खेळू शकता..."

"म्या न्हाई वं! मोटार! वावरात, हिरीवर हाय ती."

"तक्रार नोंदवली आहे, सर. ज्या नंबरची तक्रार आहे, त्याच नंबरवर आम्ही संपर्क करू."

साखऱ्याच्या शिवारात, ग्यानबाच्या विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड होतं. घरून त्याला फोन लावला की पेटी आपोआप उचलायची. मग एक दाबलं की मोटार सुरू, दोन दाबलं की बंद. त्या सिमला नुसत्या बोलण्याचा स्वस्त पॅक पुरायचा, पण तो कंपनीने गुंडाळला होता. आता घ्यायचा तर नेटसकट, दुपटीच्या वर.

"रविवारी पॅक सरला की सिम काढून फेकतो," ग्यानबाचा मुलगा भागवत म्हणाला होता. "मी रोज वावरात असतोच की. हातानं बटन दाबीन."

बोलणं बरोबर होतं. पण म्हाताऱ्याचा जीव त्या सिममध्ये अडकला होता आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

खुब्याचं हाड मोडून ग्यानबाला वर्ष होत आलं होतं. वावर तर लांबच, ओसरीतून मोरीपर्यंत जायलाही बायकोचा, पार्वतीबाईचा खांदा लागे. आधी तो मोटारीपुरताच फोन लावायचा. एकदा आकडा दाबायचा विसरला आणि फोन कानाला तसाच राहिला. पेटीतल्या बारीक माईकमधून वावर ऐकू आलं.

तेव्हापासून दुपारी पार्वतीबाईचा डोळा लागला की तो चोरासारखा फोन लावायचा. आधी नुसता वारा यायचा. मग हळदीची पानं वाजायची. वाळायला लागली की ती करकरीत वाजतात, तशी ती आता वाजत होती. होला घुमायचा. बांधापलीकडून कोंडीबा बैलांना शिव्या द्यायचा, त्याही गोड लागायच्या. डोळे मिटून ग्यानबा विहिरीपासून निघायचा, बांधाबांधाने लिंबापर्यंत जायचा. लिंबाखाली जरा टेकायचा. तिथली सावली थंड असायची, अंगावर काटा यायचा. खुबा मोडलाय हे त्या वेळी पायांना आठवत नसे. कधी कधी तर चिखल लागला असेल म्हणून तो खाटेवरच उठून बसायचा आणि पाय बघायचा.

दोन दिवसांनी त्याने पुन्हा कंपनीला फोन लावला. नशिबाने तीच मुलगी निघाली.

"सर, तक्रार बंद झाली आहे."

"काहून?"

"मीच फोन केला होता. लगेच उचलला गेला. आपण काहीच बोलला नाहीत, म्हणून समाधान झालं असं धरलं."

ग्यानबाच्या डोक्यात प्रकाश पडला. कंपनीने मोटारीला विचारलं होतं, आणि मोटारीची काही तक्रार नव्हती! चिडावं की हसावं, त्याला कळेना.

"बाई, तो फोन मोटारीनं उचलला."

मग मुलीने आवाजातला गोडवा बाजूला ठेवला. "तिथे पक्षी फार आहेत का हो, काका? मी थोडा वेळ ऐकत बसले होते."

"व्हय. होले हायेत."

"पॅकचं मात्र माझ्या हातात नाही, काका."

रविवारी सकाळी भागवत स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघाला आणि उंबऱ्यातून परत फिरला.

"बाबा, मोटार बंद असते, तरी पेटीवरचा हिरवा लाइट रोज दुपारी लागते. तुमी फोन लावून काय करून राहिले?"

ग्यानबाने मान खाली घातली. "ऐकतो."

भागवत घुटमळला. मग म्हणाला, "येवढंच ना? त्याला सिम कशाला? थांबा, वावरच दाखवतो."

वावरात पोचून त्याने व्हिडिओ कॉल लावला. नात कोमलने तिचा फोन आजोबांसमोर धरला. वावर दिसलं, तळहाताएवढं आणि हलतं. लिंब बुटका वाटत होता. विहीर तर दुसऱ्याच कुणाची असावी तशी.

"दिसलं का, बाबा?"

"दिसलं. पर बंद कर ते चित्र, बाप्पा."

"काहून?"

"ह्याच्यात मी खाटंवरच ऱ्हातो रे. नुसतं ऐकतो तवा चालत असतो."

भागवतचा फोन धरलेला हात खाली गेला. कोमलच्या फोनमध्ये बराच वेळ नुसतं आभाळ दिसत राहिलं.

संध्याकाळी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत भागवतने तोच महागडा रिचार्ज मारला. "पाहू दे आता मोटारीला रोज पिच्चर," एवढंच बोलून तो हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्यानबाने पार्वतीबाईच्या देखतच फोन लावला आणि डोळे मिटले. ती शेजारी तूर पाखडत होती. थोड्या वेळाने तिचं लक्ष गेलं. गोधडीबाहेर आलेल्या त्याच्या पायांची बोटं हलत होती. आधी चांगल्या पायाची, मग मोडक्या पायाची, मग पुन्हा चांगल्या.

त्याला नीट ऐकू यावं म्हणून तिने सूप खाली ठेवलं.