जटांना पाणी

विद्युलतेच्या डोक्यावर देवी उतरल्याचं तिच्याआधी जॉर्ज टाउनातल्या त्या गल्लीला कळलं. टायफॉइडच्या तापात कित्येक आठवडे केसांना फणी लागली नव्हती, त्यांच्या जाडजूड जटा झाल्या होत्या. ती अंथरुणातून उठली तेव्हा उंबऱ्याशी लिंबांची रास होती आणि एक कोंबडा होता. कोंबड्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तो मजेत होता.

तिला जटा आवडल्या. हे कुणाच्याच हिशेबात बसेना. गल्ली म्हणाली, जटा ठेव, पण पाणी लावू नकोस, देवी कोपेल. शाळेच्या मुख्याध्यापिका कृष्णवेणी अम्माळ म्हणाल्या, जटा धुता येतच नाहीत. सोमवारी त्या कापून, डोकं साफ करून या, नाहीतर भूगोलाला मी दुसरी टीचर बघते. म्हणजे हे डोकं धुवायचं नाही, यावर दोन्हीकडे एकमत होतं. डोकं मात्र खाजत होतं, आणि त्याला कुणी मत विचारलं नव्हतं.

"शुक्रवारी मी न्हाणार," तिने जाहीर केलं.

सासूबाईंच्या, म्हणजे महालक्ष्मीआत्याबाईंच्या हातून रसमचं पातेलं निसटता निसटता राहिलं. "पाण्यानं सुटतील गे त्या!"

"सुटल्या तर देवी गेली, नाही सुटल्या तर राहिली. तुम्हालाच एकदाचं नक्की कळेल, आत्याबाई."

"आणि कोपली तर?"

"माझं डोकं आहे. माझ्यावर कोपू दे."

शेजारचा रामस्वामी सावध माणूस. देवी कोपली की आधी पाणी चढतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. शुक्रवारी सकाळी त्याने रेडिओ, लोणच्याच्या बरण्या आणि बायको गच्चीवर चढवली. गाय दोन्ही घरांच्या सामायिक जिन्यात अडली. तिला त्याने तिथेच बांधलं.

विद्युलतेने शिकेकाई उकळून फडक्यातून गाळून घेतली. भुकटी जटेत शिरली की निघता निघत नाही, हे भक्तांच्या अंगाऱ्याने तिला शिकवलंच होतं. तेलही तसंच अडकून बसतं, म्हणून त्याला तिने हात लावला नाही. पहिलं पाणी काळं गेलं, मग तांबूस. जटांतून कुंकू निघालं, तांदूळ निघाले, नवसाचा बोटाएवढा चांदीचा पाळणा निघाला. तो तिने अंगणाच्या भिंतीवर ठेवला. समोरच्या हेमावतीने हळूच उचलला.

जटा सुटल्या नाहीत. उलट भिजून इतक्या जड झाल्या की विद्युलतेची मान मागे ओढली गेली. आत्याबाई इतका वेळ डोळे मिटून पुटपुटत होत्या. आता त्यांनी एक डोळा उघडला, पुढे झाल्या आणि एका जटेचं टोक धरलं.

"पीळ नीट. ओली राहिली तर वास मारेल, आणि लोक म्हणतील देवी कुजली."

दोघींनी सतरंजी पिळावी तशी जट पिळली.

"झालं का?" गच्चीवरून रामस्वामीने विचारलं.

"झालं!"

"काहीच नाही?" त्याचा आवाज पार पडला.

एवढ्यात गल्लीतल्या बायका तांबे घेऊन आल्या. जटांचं पाणी त्यांना तीर्थ म्हणून हवं होतं. विद्युलतेने त्यांच्यासमोर बादली गटारात पालथी केली. "शिकेकाई आहे ती. पोटात गेली तर रात्रभर परसात बसाल."

मग ती गाईला वळसा घालून गच्चीवर गेली आणि जटा आतपर्यंत वाळेस्तोवर उन्हात बसून राहिली.

सोमवारी कृष्णवेणी अम्माळांनी चष्मा सरसावला. "मी साफ करून या म्हटलं होतं, टीचर."

"केलंय." विद्युलतेने टेबलावर ओणवं होऊन डोकं त्यांच्या नाकासमोर धरलं. "वास घ्या."

अम्माळांनी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. त्यांनी वास घेतला.

"शिकेकाई," त्या नाइलाजाने म्हणाल्या. मग आणखी एकदा घेतला. तो काही तपासणीचा नव्हता. "पण पालक काय म्हणतील?"

"त्यांनाही पाठवा. मधल्या सुट्टीत. नाकं घेऊन या म्हणावं."

उत्तराची वाट न बघता तिने कोपऱ्यातला नकाशा काखेत मारला आणि ती वर्गावर गेली.