मीटरवर न चढलेलं पाणी

नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ होरपळत्या दिवसांच्या, तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजताच इंदुताईंच्या फाटकापाशी शंभर-दीडशे माणसं जमली होती. ऊन टाळू भाजत होतं, तरी कुणी सावलीला सरकायला तयार नव्हतं. सगळ्यांच्या नजरा जमिनीपासून वीतभर उंचीवर खिळल्या होत्या. तिथे वारूळ नव्हतं की समाधी नव्हती. तिथे पाण्याचा मीटर होता.

अठरा वर्षांचा जुना पितळी मीटर. त्याला झेंडूचा हार घातला होता, पुढ्यात नारळ फोडला होता. काचेवर हळदीकुंकवाचा जाड लेप थापला होता आणि त्यातून फक्त चार काळे आकडे डोकावत होते. जन्मात पहिल्यांदा एवढा मान मिळाल्यामुळे तो मीटरही बहुधा गोंधळला असावा.

मीटरशेजारी पाटावर धारानाथ महाराज बसले होते. वय चाळिशीचं, दाढी काळीभोर, मनगटावर चकचकीत घड्याळ.

"ह्या डब्यात सरकार बसलं आहे," महाराज मीटरकडे बोट करून म्हणाले. "घोट घोट मोजून राहिलं. पण मले सांगा, माय आपल्या लेकराले मोजून दूध पाजते का?"

"नाही!" गर्दी गरजली.

"ज्या नदीचं पाणी ह्या नळाले येते, ते कन्हानमाय आपली माय आहे का नाही?"

"आहे!"

"मग पाहा. माय आपल्या मर्जीनं आली, का हा डबा मुका होते."

महाराजांनी अंगणातल्या नळाची चावी हलकेच फिरवली. दोऱ्याएवढी धार तांब्यात पडू लागली. पाव तांब्या भरला की ते नळ बंद करत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, आणि पुन्हा दोऱ्याएवढी धार सोडत. असं चार-पाच वेळा झाल्यावर तांब्या काठोकाठ भरला.

"वाचा वं, इंदुताई."

इंदुताईंनी चष्मा सावरला. "तीन, आठ, एक, सात. अगं माय! तांब्या भराच्या आधीही हेच होतं!"

गर्दीतून कुणीतरी जयजयकार केला. महाराजांनी तांब्या उंच धरला आणि गेल्या चार दिवसांत लेआउटभर, अख्ख्या वस्तीत, पाठ झालेलं ते वाक्य म्हटलं, "जे मीटरवर चढत नाही, ते अंगावर चढत नाही! ज्याले ज्याले डॉक्टरनं मोजून पाणी सांगितलं, त्यानं हे न मोजलेलं प्यावं. पोटभर प्यावं. सूज येत नाही, दम लागत नाही. हे पाणी कोण्याच हिशोबात नाही!"

गर्दीच्या मागे उभी असलेली हिमानी टाचा उंचावून पुढे पाहत होती. कारण पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, तांब्यासाठी दोन्ही हात पुढे करून तिचे वडील बसले होते.

देवरावांच्या दोन्ही किडन्या नऊ महिन्यांपूर्वी निकामी झाल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. अंगात गेलेलं पाणी बाहेर पडायला दुसरी वाट उरली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं: दिवसाला सातशे मिली. चहा त्यातच, वरण त्यातच, गोळीबरोबरचा घोटही त्यातच. शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवणारी हिमानी घरी शंभर मिलीच्या दुधाच्या मापाने वडिलांचं पाणी मोजायची. माप भरलं की म्हणायची, "बस, बाबा." शेहेचाळीस डिग्रीच्या नागपुरात, कूलरच्या टाकीत दिवसाला तीन बादल्या पाणी ओतायचं आणि बापाला सात मापांवर थांबवायचं, हे तिच्या हातून रोज होत होतं.

आणि याच देवरावांनी तीस वर्षं नळजोडणीचं काम केलं होतं. मीटर त्यांनी हातावर खेळवले होते. तो माणूस या भोंदूसमोर हात पसरतो, याचाच तिला जास्त राग आला.

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"काळे आकडे हजार लिटरचे असतात," ती मोठ्याने म्हणाली. "तांब्यानं ते कसे हलतील? लिटरचा लाल काटा खाली आहे. तो कुंकवाखाली काहून लपवला?"

आणि तिने ओढणीच्या टोकाने काच पुसून काढली. बायकांनी "अगं अगं" केलं. लेपाखालून लाल काटा निघाला आणि त्याच्याशेजारी चांदणीच्या आकाराची इवलीशी चकती. पाणी वाहिलं की ही चांदणी गरगर फिरते, हे हिमानीला ठाऊक होतं.

महाराज जरासे हसले. "पाहा मास्तरीणबाई, तुमच्याच डोळ्यानं पाहा."

त्यांनी पुन्हा दोऱ्याएवढी धार सोडली. पाव तांब्या. बंद. पुटपुट. पाव तांब्या. बंद.

लाल काटा हलला नाही. चांदणी एकदा थरथरल्यासारखी झाली आणि जागच्या जागी राहिली.

मग जे हसू उसळलं ते फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेलं. सहावीतली खुशी, हिमानीचीच विद्यार्थिनी, आईच्या पदराआडून तोंड दाबून हसत होती. महाराजांनी तांब्या देवरावांच्या हातात दिला आणि म्हणाले, "पी बापा. पोटभर पी." देवरावांनी डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला. निम्मा संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिमानी, तू घरी जाय."

ती घरी गेली. दुसरं करणार काय?

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या बाटल्या कुलपात ठेवल्या, माठ उपडा घातला. पण लेआउटमधल्या सगळ्या नळांना कुलूप कसं लावणार? देवराव काठी टेकत इंदुताईंकडे जात आणि ओठ पुसत परत येत. रागावून झालं, रडून झालं. शेवटी ती रुपरावकाकांकडे गेली. रुपराव म्हणजे देवरावांचे जुने सोबती. मीटर तपासायच्या वर्कशॉपात त्यांची हयात गेली होती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "तू कुंकू पुसलं, चांगलं केलं. पण त्यानं दोन फंदे लावले होते. तू एक सोडवला."

त्यांनी पलंगाखालून एक जुना, उघडलेला मीटर काढला. आत प्लास्टिकचं पात्यांचं चाक होतं.

"हे चाक पाण्याच्या धक्क्यानं फिरते. धक्का पुरेसा लागला का मोजते, नाही तं नाही. बारीक धार पात्यांच्या बाजूनं निसटून जाते. अन् धार बरी असली तरी चाकाले जागं व्हायले जरा वेळ लागते. ते जागं होईतोवर त्यानं नळ बंद केला तं काय मोजीन? तुह्या महाराजाचा मंत्र म्हणजे नळ बंद कराचा बहाणा आहे, दुसरं काही नाही."

"पण मग सगळेच मीटर चुकतात का, काका?"

"नवीन मीटर पुष्कळ बारीक धार पकडते. घोटभर पाण्याची चूकही बारीकच. पण इंदुताईच्या मीटरमधी अठरा वर्षांचा खार बसला आहे, पाती घासली आहेत. त्याले लोटल्याशिवाय तो उठतच नाही. आमच्या टेस्टिंगलेही आम्ही चांगली दणदणीत धार सोडून टाकी भराचो अन् पास म्हणाचो. ओंजळभर पाणी घेऊन कोणी टेस्ट केलीच नाही."

मग ते म्हणाले, "पण तुह्या बापानं नाही सांगितलं तुले हे? त्याले तं हे झोपेतही ठाऊक आहे."

"आजारानं डोकं चालत नाही काका त्यांचं."

रुपराव तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मीटर पुन्हा पलंगाखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, महाराज पाटावर बसायच्या आधीच रुपराव मीटरशेजारी उकिडवे बसले होते. हातात तांब्या, बाजूला रिकामी बादली.

"आज मी करतो," ते गर्दीला म्हणाले. "मी आंघोळ केली नाही. मले मंत्र येत नाही. सकाळपासून दोनदा तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला आहे. कन्हानमाय माह्यावर खूश असाचं काही कारणच नाही. पाहा आता."

दोऱ्याएवढी धार. पाव तांब्या, बंद, पाव तांब्या, बंद. बंद करताना मंत्राच्या जागी ते "एसटी लेट, एसटी लेट" म्हणत होते. काटा हलला नाही. पोरं खदखदली.

असे तीन तांबे त्यांनी बादलीत ओतले. मग बादलीत हात घातला आणि पहिल्या रांगेवर पाणी शिंपडलं. "मीटर म्हणते पाणी आलंच नाही. मग हे काय आहे बे? भिजले का नाही तुम्ही?"

आणि त्यांनी नळाची चावी पूर्ण फिरवली. धबधबा पडला, चांदणी गरगरली, लाल काटा धावत सुटला.

"मायले एकाएकी काय झालं, महाराज?" रुपरावांनी विचारलं. "आता मोजून पाजून राहिली."

महाराज उठले. पातक्याच्या हाताने माय रुसली, असं काहीसं म्हणत त्यांनी पाट उचलला आणि कोपऱ्यावर उभ्या गाडीत बसले. संध्याकाळपर्यंत उमरेड रोडवरच्या कुठल्यातरी लेआउटात दुसरा जुना मीटर कुंकवाने माखला असणार. त्याला पोलिसात द्या, असं हिमानी ओरडली, पण गाडी निघेपर्यंत चार माणसं त्याच्या पाया पडून घेत होती.

तरीही ती जिंकली होती. खुशी टाळ्या वाजवत होती. कधी एकदा बाबांना सांगते असं तिला झालं होतं. आज ते पहिल्या रांगेत नव्हते.

देवराव घरात पलंगाच्या कडेवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, ओठ निळसर, आणि प्रत्येक श्वासाला छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज. त्यांना आडवं होता येत नव्हतं. कूलरच्या मागे तिच्यापासून लपवून आणलेल्या दोन-दोन लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. फाटकापाशी ती जिंकत होती तेव्हा इथे हे चाललं होतं, आणि आता त्या जिंकण्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

दवाखान्यात करिष्मा नावाच्या नर्सने त्यांना दोघांच्या आधाराने वजनकाट्यावर उभं केलं.

"सहासष्ट," ती म्हणाली. "सोमवारी घरी सोडलं तेव्हा एकसष्ट होते. पाच किलो आहे ताई. हे सगळं पाणीच आहे."

हिमानी त्या आकड्याकडे बघत राहिली. इंदुताईंच्या मीटरने न पाहिलेला प्रत्येक तांब्या या काट्याने पाहिला होता. त्याला कुणी हार घातला नव्हता.

तोंडावर ऑक्सिजन लावून डायलिसिस चार तास चाललं. ती काचेबाहेर बसून होती. विज्ञानाची पदवी, शाळेतलं प्रमाणपत्र, कुंकू पुसायची हिंमत, यातलं काहीच त्या चार तासांत कामाला आलं नाही.

दुपारनंतर देवराव बोलण्याजोगे झाले. तिने खुर्ची जवळ ओढली आणि चाकाचं, धारेचं, रुपरावकाकांच्या बादलीचं सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं वं."

"काय?"

"जुना मीटर बारीक धारेले अटकतेच. किती बसवले म्या ह्या हातानं. मले का माहीत नसन?"

हिमानी खुर्चीवरून अर्धी उठली. "मग काहून, बाबा? माहीत होतं तर काहून पिलं?"

देवरावांनी वाळलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"नऊ महिने झाले. डॉक्टर म्हणते कमी. नर्स म्हणते झालं. तू म्हणते बस. तुह्यी चूक नाही, बेटा, तू म्हणते ते खरंच आहे. पण त्या लबाडानं भरला तांब्या समोर धरला अन् म्हणला, पी बापा, पोटभर पी. मले ठाऊक होतं तो खोटं बोलून राहिला. पण नऊ महिन्यांत मले 'पी' म्हणणारा तोच एक भेटला."

हिमानीने त्यांचा हात धरला आणि मान खाली घातली. महाराजाची लबाडी तिने शोधून काढली होती, पण बापाची तहान तिला इतक्या जवळ राहून दिसली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त बोचलं ते हे, की लाज वाटूनही सातशे मिलीचे आठशे करता येणार नव्हते.

त्या खेपेला देवराव घरी आले. हृदयावर ताण पडला आहे, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

चार दिवसांनी इंदुताई भेटायला आल्या. पदर चुरत त्या म्हणाल्या, "माह्या फाटकातच झालं वं सगळं. पण एक सांगू? महाराज लबाड असन, पण ते पाणी गोड लागत होतं."

"नळाचंच होतं, काकू. तुमच्या घरी रोज येतं तेच."

"मग आता लोकाईले काय सांगू मी?"

"सांगा, का मीटर चुकू शकतो," हिमानी म्हणाली. "यंत्र आहे ते. बारीक धारेला चुकतं, घाईच्या घोटाला चुकतं, जुनं झालं की जास्त चुकतं. पण मीटर चुकला म्हणून पाणी नाहीसं होत नाही. ते तांब्यात असतंच, पोटात जातंच. कोणी चमत्कार दाखवला, तर तेच पाणी बादलीत ओतून पाहा, काट्यावर ठेवून पाहा. एका मापावर भरवसा ठेवू नका, दुसरं माप लावा. आणि काकू, घरात कोणाला डॉक्टरांनी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर मोजूनच द्या. पण देताना त्याला तोंडभरून 'पी' म्हणा. आपण नाही म्हटलं, तर म्हणायला असा कोणीतरी येऊन बसतो."

इंदुताई गेल्या. पाणी द्यायची वेळ झाली होती. हिमानीने माप भरलं, एका जुन्या चांदीच्या वाटीत ओतलं आणि वडिलांसमोर धरलं.

"प्या, बाबा."

देवराव एकेक घोट तोंडात घोळवत प्यायले. वाटी संपली. त्यांनी ती उलटी करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला आणि लहान पोरासारखं तिच्याकडे पाहिलं.

"अजून?"

हिमानीने वाटी त्यांच्या हातातून घेतली. "आता चार वाजता, बाबा," ती म्हणाली, आणि घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती तरी तिथेच त्यांच्याजवळ बसून राहिली.