गप्प पायऱ्या

चष्मेवाल्याने शेंगदाण्यांची मूठ तोंडाशी नेली, तेवढ्यात तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"आधी शब्द द्या काका. मग खा."

"अगं बाई, आता शेंगदाण्यांनाही तुझी परवानगी लागणार का?"

"आज ओरडायचं नाही. गोल झाला तरी नाही. कितीही झाले तरी नाही."

"आणि तुझ्या बाबांनी सुरुवात केली तर?"

"ते करणारच नाहीत. त्यांच्याकडून सकाळीच कबूल करून घेतलंय."

चष्मेवाल्याने खाली मैदानाकडे पाहिलं. पायऱ्यांच्या अगदी समोर, जाळ्याच्या पुढे, तिचा दादा उड्या मारून वरच्या दांडीला हात लावत होता. पिवळा शर्ट त्याला दोन्ही खांद्यांवर सैल होत होता. चष्मेवाला हळूच म्हणाला, "बरं बाई, दिला शब्द." तिने मनगट सोडलं आणि ती वरच्या पायरीकडे पळाली. अजून अर्ध्या पायऱ्या शिल्लक होत्या. खेळ सुरू व्हायच्या आत सगळ्यांची तोंडं बंद करायची होती, आणि हे काम तिच्याशिवाय कोणाला जमलं असतं? गेल्याच महिन्यात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने नववी-दहावीच्या भल्याभल्यांना गप्प केलं होतं. घरी दादा तेव्हापासून तिला वकीलबाई म्हणायचा.

पिवळ्यांची टीम हरायची. कधीमधी हरायची असं नव्हे. रोज सकाळी ऊन पडतं तशी हरायची, बिनबोभाट. दुसऱ्या टीमचे लोक सामना बघायला येत. पूर्वेच्या या पायऱ्यांवरचे, पिवळ्यांचे लोक सोबत करायला येत, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. पोरांची लग्नं झाली, नोकऱ्या गेल्या, गुडघे दुखायला लागले, पण दर रविवारी ज्याची त्याची पायरी ठरलेली. आणि सगळ्यांच्या मधोमध तिचे बाबा.

बाबा पत्रा ठोकण्याच्या कारखान्यात कामाला. दिवसभर त्या खणखणाटात बोलायचं म्हणजे छातीतूनच बोलावं लागतं, त्यामुळे त्यांचा आवाज असा तयार झाला होता की घरात ते मीठ मागायचे तेव्हा शेजारच्या काकू मीठ घेऊन यायच्या. पायऱ्यांवर त्यांना सगळे भोंगाच म्हणत. पिवळ्यांवर गोल झाला की पायऱ्या क्षणभर चिडीचूप होत. मग भोंगा उठायचा, दोन्ही हात तोंडाभोवती धरायचा आणि आपल्याच गोलकीपरला विचारायचा,

"अरे, दाराला कडी आहे का नाही?"

आणि अख्ख्या पायऱ्या एका सुरात,

"कडी आहे! घरात कोणी नाही!"

की हशा. त्या हशावर पुढचा गोल होईपर्यंतचा वेळ निभून जायचा. तिला बाराखडी यायच्या आधी हे दोन्ही भाग पाठ होते. बाबांच्या खांद्यावर बसून, त्यांचे कान धरून ती ओरडायची. पण आपण ज्याला ओरडतो तो खाली एकटा उभा असतो, त्याला पाठ असते, मान असते, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आज ती पाठ दादाची होती.

शुक्रवारी नेहमीच्या कीपरचा पाय मुरगळला, तेव्हा दादाला निरोप आला. तीन वर्षं तो राखीव होता. बसून बसून बाकाला त्याचा आकार आलाय, असं आई म्हणायची. शनिवारी रात्री त्याने ताटातला भात नुसता इकडून तिकडे केला. सकाळी त्याने हातमोजे पिशवीत भरले, काढले, पुन्हा भरले, ते तिने दाराआडून पाहिलं आणि तिथेच ठरवलं. दादा बाहेर पडल्यापडल्या तिने बाबांना गाठलं.

"बाबा, आज तुम्ही कडीचं ओरडलात ना, तर तो तिथेच मोडून पडेल."

बाबा चहात चमचा फिरवत होते. साखर केव्हाच विरघळली होती. ते फिरवतच राहिले.

"बरं," ते म्हणाले.

इतक्या लवकर! तिने आणखी चार मुद्दे तयार ठेवले होते, ते वाया गेले.

पायऱ्यांवर फक्त पोस्टमनकाकांनी कुरकूर केली. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना पोस्टमनच म्हणत.

"अगं, पण ती शिवी नाहीये," ते म्हणाले.

"माहितीये काका."

"मग आज नाही ओरडलो तर त्याला काय वाटेल?"

"बरंच वाटेल! दुसरं काय वाटणार?"

पोस्टमनकाका काहीतरी बोलायला गेले, पण तोवर ती पुढच्या पायरीवर होती. शिट्टी वाजली.

पहिला गोल तसा दुर्दैवी होता. चेंडू आपल्याच माणसाच्या पायाला लागून वळला आणि दादा एकीकडे, चेंडू दुसरीकडे. जाळं हललं. समोरच्या बाजूला आरडाओरडा झाला, आणि पायऱ्यांवर एकदम सगळ्यांच्या माना भोंग्याकडे वळल्या.

बाबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

कोणी बोललं नाही. चष्मेवाल्याने शेंगदाण्याच्या पुड्याला हातही लावला नाही, न जाणो आवाज व्हायचा. तिला वाटलं, उठून सगळ्यांच्या गळ्यात पडावं. किती शहाणी माणसं! खाली दादा पायऱ्यांकडे पाठ करून उभा होता. चेंडू जाळ्यात पडून होता, पण तो उचलायला वळला नाही. मान जरा कलती करून नुसता उभा राहिला. रेफरीने दोनदा शिट्टी मारली, तेव्हा कुठे वळला. त्याने चेंडू उचलला आणि वर पाहिलं. ती दोन्ही हात वर करून हसली. तो हसला नाही.

घाबरलाय बिचारा, तिने मनात म्हटलं. पण वर हे सगळे ओरडलेही असते तर?

दुसरा गोल सरळ समोरून, फाडकन. पुन्हा तीच शांतता, या वेळी जरा जास्त जड. पोस्टमनकाकांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. दादा मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला गेला, तिथून तो काडीएवढा दिसत होता. बाबांचा आवाज मात्र तिथवर सहज पोचायचा. मागे एका कीपरने पैज लावून पलीकडच्या रस्त्यावरून ऐकून दाखवला होता. तिसऱ्या गोलला दादा विनाकारण पुढे धावत आला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून अगदी आरामात, फिरायला निघाल्यासारखा जाळ्यात गेला. एरवी या गोलवर पायऱ्या महिनाभर हसल्या असत्या. बाबांच्या गळ्याची शीर टरारून वर आली. त्यांनी तोंड उघडलं. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तोंड मिटलं.

पलीकडे दादाने कपाळावर हात आडवा धरला आणि तो पायऱ्यांकडे बघत राहिला. डोळ्यांवर ऊन येतंय, तिला वाटलं. पण ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं. हे तिच्या ध्यानात आलं, तेवढ्यात चौथा झाला.

सामना संपल्यावर एरवी पायऱ्यांवर अर्धा तास तरी टवाळी चालायची. आज माणसं चपला शोधून भराभर उतरली. जाताना चष्मेवाल्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि काही न बोलता निघून गेला. मयताला आल्यासारखा.

दादा घरी आला तो दिवे लागायच्या सुमाराला. त्याने पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. बाबा खिडकीशी पाठमोरे उभे होते. आई कणीक मळता मळता थांबली.

"गरम गरम वाढू का रे?"

"नको. आधी आंघोळ करतो."

आता काहीतरी छान बोलायला हवं, तिला वाटलं. "दादा, मस्त खेळलास हं! दुसरा तर कोणाच्या बापालाही अडवता आला नसता."

दादाने वर पाहिलं. "पायऱ्यांवर कोणी गेलं का?"

"म्हणजे?"

"कोणी वारलं का आज?"

"नाही रे! मी सांगितलं होतं सगळ्यांना." हे वाक्य तिने दिवसभर जपून ठेवलं होतं. आता ते तोंडातून निघताना तिचं तिलाच कसंतरी वाटलं. "एकेकाकडे जाऊन. की आज दादा आहे, तर आज कोणी..."

"तू सांगितलंस."

"हो. म्हणजे तुला त्रास नको म्हणून."

नाडीला गाठ बसली होती. तो ती नखाने सोडवत राहिला.

"बाहेरून आलेल्या टीमच्या कीपरला आपण कधी कडी विचारलीय?" त्याने विचारलं.

तिने कोपऱ्यातली पिशवी उगाच सरळ केली.

"सांग ना, वकीलबाई. आठवतंय कधी?"

"नाही."

"नाहीच. फक्त आपल्याला विचारतात. तो मिशीवाला होता, त्याला विचारली. लंगडत खेळायचा त्याला विचारली. हा आत्ताचा, पाय मुरगळलेला, त्याला तर प्रत्येक रविवारी." गाठ सुटली. त्याने बूट काढला आणि हातात धरून ठेवला. "चार वेळा थांबलो मी. म्हटलं, आत्ता उठतील बाबा. आत्ता उठतील. चौथ्याला वाटलं, मी परक्या टीमकडून तर खेळत नाहीये ना."

आईने कणकेवर ओलं फडकं टाकलं. वकीलबाईवर कोणी ओरडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. वक्तृत्वाचा कप फडताळावर चकचकत होता.

"पुढच्या रविवारी मी सगळ्यांना..."

"पुढच्या रविवारी मी नाही. तोवर त्याचा पाय बरा होईल. आत्ताच कोचने सांगितलं."

तो उठला, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि न्हाणीघरात गेला. दार लागलं. नळ सोडल्याचा आवाज आला, बादली भरायला लागली.

ती बाबांजवळ गेली. खिडकीतून बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरची भिंत आणि एक बंद दुकान.

"माझं चुकलं, बाबा."

"तुझं काय चुकलं?" बाबांचा आवाज इतका बारीक तिने कधी ऐकला नव्हता. "तू नसतं सांगितलंस तरी माझ्याच्याने उठवलं नसतं. सकाळपासून मी हाच विचार करत होतो, कसा सुटेन यातून. तू आलीस, मला बरंच झालं." त्यांनी खिडकीच्या गजावर बोट घासलं. "तीस वर्षं लोकांच्या पोरांना ओरडलो. स्वतःच्या पोराची वेळ आली तर हात मांडीखाली."

"त्याला सांगा ना हे."

"हे काय सांगायचं असतं का?"

बाबा वळले आणि बोळातून न्हाणीघराच्या दाराशी गेले. ती मागोमाग. दाराशी त्यांनी हात वर केला, पण वाजवलं नाही.

"तिसऱ्याला पुढे का आलास?" ते म्हणाले.

आत पाणी पडत होतं.

"अरे, तिसऱ्याला! तुला म्हणतोय! घर उघडं टाकून कुठे निघाला होतास, बाजारात?"

"अहो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दमलाय तो. आणि शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत!" आता तो खरा आवाज होता, छातीतला, पत्र्याचा. बोळातल्या दोरीवरचे कपडेसुद्धा हलल्यासारखे वाटले. "एवढा मोठा घोडा झालास, चेंडू डोक्यावरून जातो आणि तू खाली बघतोस? खाली काय होतं, मुंग्या?"

बादली भरून वाहत असावी, पाणी फरशीवर सांडल्याचा आवाज येत होता. तिने बाबांची बाही धरली.

"बाबा, पुरे ना."

त्यांनी बाही सोडवून घेतली. "आणि चौथ्याला? चौथ्याला हात कुठे होते तुझे? हातमोजे काय थंडी वाजते म्हणून घालतोस?" आवाज मधेच फाटला. त्यांनी पुन्हा जोर केला, तर नुसती हवाच बाहेर आली. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

शेजारचं दार किलकिलं उघडलं आणि बंद झालं. आई हात न पुसताच बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली.

आत नळ बंद झाला.

दार उघडलं नाही. टॉवेल ओढल्याचा, बादली सरकवल्याचा, कशाचाच आवाज नाही. नुसती शांतता, दाराच्या अगदी जवळ आलेली.

बाबांनी घसा खाकरला, आणि पहिल्या गोलपासून सुरुवात केली.