फुटक्या दिव्याची गाडी

कमल शितोळे रोज राजमोहल्ल्यातून सिमरोलला जायची ती एका पांढऱ्या आठशेतून. तसली गाडी एके काळी इंदूरच्या निम्म्या डॉक्टरांच्या दारात असायची. आता ती रस्त्यात दिसली की मागचे लोक आधीच हॉर्न वाजवायला लागतात. पलासियातल्या एका दंतवैद्याने ती कमलला विकली तेव्हाच ती बरीच वापरलेली होती. काचा हाताने फिरवून उघडायच्या, एसी नव्हताच, आणि थंडीत तिसरा गिअर आढेवेढे घ्यायचा. पण दर दिवाळीआधी कमल ब्रेक उघडून तपासून घ्यायची, टायर वेळेवर बदलायची. ती गाडी वाटेत बंद पडली असं फारसं कधी झालं नाही.

सिमरोलच्या अलीकडे, खंडवा रोडवरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कमल ग्रंथपाल होती. लग्न फार टिकलं नव्हतं. ती परत माहेरी आली होती आणि आता घरात ती आणि तिचे वडील जयसिंगराव, म्हणजे आबा, दोघंच. आबांचे आजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. त्यांचा फेटा घातलेला फोटो बैठकीत होता, आणि आबांना तो येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचा असे.

कॉलेजचा गार्ड कमलची गाडी दारातूनच जनरेटरच्या मागे पाठवायचा. "उधर लगा दो मैडम, इधर विज़िटर आते हैं." कमल तिकडे लावायची. त्यात तिला अपमान वाटेनासा झाला होता.

भंवरकुआंला पीयूष रेगे तिच्या गाडीत बसायचा. मेकॅनिकल विभागात शिकवायचा, तिच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. सहा वर्षं तो तिच्या शेजारच्या सीटवर बसून जात-येत होता. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बायकोची बदली, कुठल्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं, सगळं कमलला त्या गाडीतच कळलं होतं. कमलने त्याच्याकडून कधी पेट्रोलचं काही घेतलं नाही. "मला तर जायचंच असतं रे," म्हणायची.

त्या वर्षी नवरात्रात राजमोहल्ल्यात एक भाजीचा ठेला उतारावरून सुटून गाडीवर आदळला. डावीकडचा पत्रा आत गेला आणि दिव्याची काच फुटली. बल्ब मात्र जळत होता, म्हणून कमलने वरून पारदर्शक टेप लावली आणि तसंच चालवलं. दुसऱ्या दिवशी भंवरकुआंला पीयूष गाडीसमोर उभा राहून खो खो हसला होता.

"ताई, तुमची गाडी डोळा मारते हो!"

मग तो रोज सकाळी गाडीलाच विचारायचा, "काय बाई, आज मूड कसा आहे?"

डिसेंबरातली गोष्ट. तेजाजी नगर ओलांडलं आणि धुकं लागलं. कमल हळू चालवत होती. उमरीखेड्याच्या अलीकडे एक मोठी काळी गाडी मागून आली आणि त्यांना खेटून पुढे गेली. मागच्या काचेवर कॉलेजचा पिवळा पास होता.

"जयेश भिया," पीयूष म्हणाला. "आज लेट झालेत वाटतं." जयेश म्हणजे कॉलेजच्या मालकांचा मुलगा.

थोड्या वेळात पुढे धुक्यात काहीतरी आदळल्याचा आवाज झाला. काळ्या गाडीचे लाल दिवे लागले. ती थांबली. कमलला वाटलं, आता दार उघडेल. दार उघडलं नाही. लाल दिवे विझले आणि गाडी निघून गेली.

रस्त्याच्या कडेला एक सायकल वाकडी होऊन पडली होती आणि तिच्या पलीकडे एक माणूस. मागून येणाऱ्या दोन गाड्या त्याला वळसा घालून गेल्या. कमलने गाडी बाजूला घेतली.

"ताई, एकशे आठला फोन करू या," पीयूष म्हणाला. "आपण हात लावायला नको. उगाच लफडं होईल."

"ती कधी येणार? त्याचा पाय बघ."

पीयूषने मग आढेवेढे घेतले नाहीत. त्यानेच त्या माणसाच्या काखेत हात घातले, कमलने पाय धरले, आणि दोघांनी त्याला मागच्या सीटवर आडवं केलं. तो कण्हत होता, मधेच गप्प होत होता. कमलने गाडी वळवली आणि इंदूरकडे अशी हाणली की स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आल्यावर पीयूषने घड्याळ बघितलं. "ताई, माझं पहिलं लेक्चर आहे. तुम्ही सांभाळाल ना?" आणि समोरून जाणाऱ्या रिक्षात बसून तो गेला.

आत भिंतीवर पाटी होती, की जखमीला आणणाऱ्याला कोणीही प्रश्न विचारणार नाही. कमल त्या पाटीखालीच बसली. जखमी माणसाचं नाव विजय. उमरीखेड्याचा, शेतावर मजुरी करायचा. त्याच्या मोबाइलवरून तिनेच त्याच्या घरी फोन लावला. भाऊ आला, आत जाऊन भावाला बघून आला, आणि मग बाहेर जाऊन तिच्या गाडीभोवती फिरून आला. आत येऊन तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पोलिसांशी बोलला.

हवालदाराने कमलला गाडीपाशी बोलावलं. मागच्या सीटवर रक्त होतं. पुढे आत गेलेला पत्रा आणि फुटका दिवा.

"ये कब का है, मैडम?"

"नवरात्रि का. ठेला लगा था."

"नवरात्रि का," हवालदार म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, उलट जरा समजूत घातल्यासारखा होता. "देखो, इतनी पुरानी गाड़ी, ऊपर से कोहरा. ब्रेक नहीं लगा होगा. हो जाता है."

"मैंने नहीं मारा. एक काली गाड़ी थी. हमारे कॉलेज की."

"नंबर?"

नंबर तिने पाहिला नव्हता.

"आपके साथ कोई था?"

"होता," असं मराठीतच तिच्या तोंडून निघालं. मग तिने पीयूषचं नाव सांगितलं.

संध्याकाळपर्यंत गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती आणि कमलवर केस झाली होती. जामीन लगेच मिळाला. घरी आल्यावर तिने पीयूषला फोन केला.

"अरे ताई, टेन्शन घेऊ नका. मी उद्याच जाऊन सांगतो सगळं. आपण दोघं होतो ना!"

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोन उचलला नाही. कमल आता बसने कॉलेजला जात होती. चौथ्या दिवशी तिने त्याला स्टाफरूमच्या बाहेर गाठलं.

"जातो म्हणालास."

"ताई, जरा थांबा. वातावरण बघा ना." तो इकडेतिकडे बघत होता. "तसाही मी मोबाइलमध्ये होतो. मी नीट काही पाहिलं नाही."

"तूच म्हणालास ना, जयेश भिया म्हणून?"

"हळू बोला, ताई, प्लीज."

त्याच दुपारी प्राचार्य लक्ष्मीकांत सरांनी तिला बोलावलं. चहा मागवला. सरांचं घराणंही जुनं, दरबारी कारकुनीतलं. आबांना ते ओळखत होते.

"कमलजी, गाडीचा विमा आहे ना? मग काळजी कसली. त्या माणसाचा उपचार कॉलेज बघतंय, ट्रस्टने स्वतःहून ठरवलं. तुम्ही फक्त काळी गाडी, पिवळा पास, हे बोलणं बंद करा. पास तर साठ-सत्तर गाड्यांवर आहेत."

"सर, मी मारलेलं नाही त्याला."

"मी कुठे म्हणतोय मारलं म्हणून? पण बघा, लोक काय बघतात? तुमची गाडी बघतात." त्यांनी कप पुढे सरकवला. "जुनी गाडी रोज हायवेवर आणायची म्हणजे आज ना उद्या काहीतरी होणारच होतं. घ्या, चहा घ्या."

जयेशची काळी गाडी आठवडाभर दिसली नाही. मग आली, पुढचा बंपर नवाकोरा. जिन्यात तो कमलला भेटला तेव्हा अदबीने बाजूला झाला. "कैसी हैं, मैडम?" म्हणाला. तिने उत्तर दिलं नाही, तर शेजारून जाणाऱ्या दोघी तिच्याकडेच बघत राहिल्या.

विजय शुद्धीवर आल्याचं कळलं, तशी ती हॉस्पिटलात गेली. पाय वाचला होता, पण गुडघ्यातून वाकणार नव्हता. कॉटवर त्याची बायको बसली होती. विजयने कमलला ओळखलं. त्याचे डोळे भरून आले.

"आप ही उठा के लाई थीं ना? गाड़ी में आप बोल रही थीं, सो मत जाना, सो मत जाना."

"तुमको किसने मारा, याद है?"

विजय बायकोकडे बघायला लागला. बायको उठली आणि कमलला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. तिशीची असेल, डोक्यावरचा पदर सारखा सावरत होती.

"इनको सब याद है, मैडम. बड़ी गाड़ी थी, काली. पर हम नहीं बोलेंगे."

"का? क्यों?"

"कॉलेज वाले इनको गेट पे बैठने का काम दे रहे हैं. इस पाँव से खेत में कौन रखेगा?" ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. "आप पढ़ी-लिखी हो, शहर की हो. आपका कुछ नहीं बिगड़ेगा. आप छूट जाओगी."

विजयचा वाकडा पाय कमलने पाहिला होता. त्याच्या बायकोवर तिला धड रागावताही येईना. ती जिना उतरून खाली आली, बस पकडली आणि राजमोहल्ल्याऐवजी थेट गंगवालला उतरली. उतरायचं भानच राहिलं नव्हतं.

कोर्टाच्या हुकमाने आठशे परत मिळाली. कमलने मागची सीट स्वतः धुतली, पण डाग निघेना, म्हणून वर चादर घातली. डावा दिवा तिने दुरुस्त केला नाही. वकील यतीन जोशींनीच सांगितलं होतं, आता हात लावाल तर पुरावा मिटवला म्हणतील. तशाच गाडीतून ती रोज जायला लागली. भंवरकुआंला आता गाडी थांबत नव्हती. पीयूष कॉलेजच्या बसने यायचा. कमलची गाडी आली की मुलं बाजूला व्हायची आणि एखादा तरी म्हणायचा, "भिया, संभल के!"

घरी आबा रोज एकच विषय काढायचे. "कबूल करून टाक. दंड भरू, संपवू. आपल्या घराण्यात कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही."

"आबा, पण मी केलेलंच नाही."

"ते मला माहीत आहे. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय माहीत?"

तारखा पडत गेल्या. विजयने कोर्टात सांगितलं, की मागून धक्का बसला, पुढचं काही आठवत नाही. त्याच्या अंगावर तेव्हा कॉलेजच्या गार्डचा गणवेश होता. कमल म्हणाली, पीयूषला साक्षीला बोलवा. जोशी वकील नको म्हणत होते.

"कमलताई, न आलेला साक्षीदार बरा. आलेला उलटला तर पंचाईत होते."

"सहा वर्षं माझ्या शेजारी बसलाय तो. कोर्टात उभा राहून माझ्या तोंडावर खोटं नाही बोलणार."

पीयूष आला. इस्त्रीचा निळा शर्ट घालून पिंजऱ्यात उभा राहिला. कमलकडे त्याने बघितलं नाही.

"उस दिन मैं कॉलेज की बस से गया था," तो म्हणाला.

जोशी वकिलांनी गाडीचा दिवा कधीपासून फुटलेला होता ते विचारलं.

"ध्यान नहीं. मैं गाड़ियों पर इतना ध्यान नहीं देता."

"आप मैकेनिकल पढ़ाते हैं ना?"

मागे कोणीतरी हसलं. पीयूषचे कान लाल झाले, पण उत्तर बदललं नाही. कमल त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. याच तोंडाने हा माणूस सकाळी सकाळी तिच्या गाडीची चौकशी करायचा.

बाहेर आवारात तो तिच्या मागे मागे आला.

"ताई, ऐका ना. आईचं दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. घराचे हप्ते चालू आहेत. मला काढलं असतं हो त्यांनी. तुम्ही मला शिव्या द्या, पण काहीतरी बोला."

कमल गाडीचं दार उघडत होती. ती थांबली.

"तुझ्या शर्टाच्या बाहीला त्या दिवशी रक्त लागलं होतं. निघालं का रे ते?"

"नाही निघालं," पीयूष म्हणाला. "टाकून दिला शर्ट." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो तसाच उभा राहिला. आजूबाजूला ऐकणारं कोणी नव्हतं. कमलने गाडी सुरू केली.

निकाल उन्हाळ्यात लागला. आरोपीनेच धडक दिली हे निःसंशय सिद्ध होत नाही, सबब संशयाचा फायदा देऊन सुटका. जोशी वकिलांनी हात मिळवला. कमल घरी आली तर आबा दारातच उभे होते, हातात पेढ्यांचा डबा. वकिलांनी फोन केला असणार.

"सुटलीस! मी म्हणत होतो ना?"

"संशयाचा फायदा दिलाय, आबा."

"म्हणजे सुटलीसच ना?"

"म्हणजे मीच मारलं असेल, पण नक्की सांगता येत नाही, असं. मी मारलं नाही, असं कोणी म्हटलंच नाही."

आबांना ते पटलं नाही, किंवा पटवून घ्यायचं नव्हतं. "एवढं कोण वाचतंय? जा, शेजारी पेढे देऊन ये. आपण गप्प बसलो तर लोकांना वाटेल, शिक्षा झाली."

कमल डबा घेऊन शेजारी गेली. शेजारच्या काकींनी पेढा घेतला, अर्धा तोंडात टाकला आणि तिच्या दंडावर मायेने हात ठेवला.

"बधाई हो, बेटा. चलो, निपट गया. ऊपर तक पैसा देना पड़ा होगा ना?"

कमलने त्यांच्याकडे पाहिलं. काकी अगदी मनापासून विचारत होत्या. ती डबा घेऊन परत आली आणि ओट्यावर ठेवून हात धुवायला लागली.

"काय म्हणाल्या?" आबांनी बाहेरून विचारलं.

"बधाई म्हणाल्या," कमल म्हणाली.